रास्पबेरी पाय ४ : कर्नलच्या आत बसून मोजमाप करायला कसा आहे?

आधी निकाल सांगून टाकते, कारण पुढे मी लांबण लावणार आहे. प्रोसेसरच्या आतले परफॉर्मन्स काउंटर (आत काय किती वेळा घडलं ते मोजणारे) कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, वाचायला शिकायचं असेल तर रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर घ्या, पैसे वसूल होतात. पण कर्नलचा वेळ कुठे जातोय हे सॅम्पलिंग करून, म्हणजे मधूनमधून डोकावून, शोधायचं असेल, तर हा बोर्ड तुम्हाला सरळ चेहऱ्याने चुकीचं घर दाखवेल. मला त्याने दोन दिवस भलत्याच दारात उभं केलं होतं. पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा त्या दोन दिवसांचा कापलाय, अर्धा एप्रिल-मेच्या उकाड्याचा.

मी देवगडला असते. पुण्यातली नोकरी सोडून घरी आले त्याला आता बरीच वर्षं झाली. ड्रायव्हर (जोडलेल्या यंत्रांशी बोलणारे कर्नलमधले प्रोग्रॅम) लिहायची कामं घेते आणि घरूनच करते. बोर्ड ४ जीबीचा घेतला, ऑनलाइन मागवला, हंगामाच्या सुरुवातीला हापूसची चांगली पेटी ज्या भावाने जाते साधारण तेवढ्यात पडला. चार्जर मात्र जवळच्या दुकानातून उचलला, आणि तिथेच पहिली चूक केली. डब्यावर ५ व्होल्ट ३ अँपिअर छापलेलं होतं. छापायला काय जातं! बोर्डाला जरा काम दिलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची. ४.६३ व्होल्टच्या आसपास दाब उतरला की पाय ही खूण दाखवतो आणि घड्याळाचा वेग स्वतःच पाडतो. मोजमाप करणाऱ्याला हे म्हणजे दर दहा मिनिटांनी कुणीतरी तागडीखालचं फळकुट हलवल्यासारखं. चार्जर बदलला, वीज गेली. म्हणजे पिवळी वीज गेली. महावितरणची तिच्या सवयीने जातच असते, त्यासाठी इन्व्हर्टर आहे.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा कंप्रेसर आहे. त्याच्या बेअरिंगची घरघर मायक्रोफोनने ऐकायची, जाड-बारीक सुरांच्या सोळा निरनिराळ्या पट्ट्यांत आवाज किती आहे ते काढायचं आणि काही बिघडतंय असं वाटलं तर आधी सांगायचं. तिथे जे काका यंत्र सांभाळतात त्यांचा या उद्योगावर काडीचा विश्वास नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, “ह्यां बेअरिंग गणपतीच्या आधी जातला. माका कानाक कळता. आता तुझ्या डब्याक कळाक व्हया, नाय काय गो?”

डब्याला कळत होतं, पण दुसरं एक दुखणं निघालं. त्याच बोर्डाला सिरियल लाइनवर दाबाचं मीटर जोडलेलं होतं आणि त्या मीटरकडून येणारे बाइट मधूनच गळायचे. सगळे नाही. दहा निरोप नीट, अकराव्याचं शेपूट गायब. मी सिरियल लाइन पायच्या छोट्या यूएआरटीवर (सिरियल लाइनचे बाइट घेणाऱ्या चिपमधल्या भागावर) घेतली होती. तिची रांग फक्त ८ बाइटांची. १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एक बाइट यायला ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ८ बाइटांची रांग ०.७ मिलिसेकंदात भरते. तेवढ्या वेळात इंटरप्टकडे, म्हणजे ‘माल आलाय’ म्हणून प्रोसेसरला मारलेल्या हाकेकडे, कुणी पाहिलं नाही तर पुढचा बाइट समुद्रात. याचा अर्थ, कर्नलमध्ये कुणीतरी ०.७ मिलिसेकंदाहून जास्त वेळ इंटरप्ट बंद करून बसत होतं. संशय माझ्याच ड्रायव्हरवर होता. पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा.

ज्यांनी हे काउंटर कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. बंदरावर लिलावाच्या वेळी टोपल्या मोजायला माणसं उभी असतात तसं समजा. पायच्या प्रत्येक कोरमध्ये (तो कॉर्टेक्स-ए७२ आहे, एकूण चार कोर) असे सहा मोजणारे आहेत. प्रत्येकाला एकच मासा नेमून द्यायचा: तू फक्त सुरमई मोज, तू फक्त पापलेट. इथे मासे म्हणजे पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शन, पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) बाहेरून आणावे लागलेले तुकडे, चुकलेले ब्रँच (पुढची वाट कुठली याचे फसलेले अंदाज), बसवर, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गेलेल्या फेऱ्या. सातवा माणूस काही निवडत नाही, तो नुसते घड्याळाचे ठोके मोजतो. बूट होताना कर्नल स्वतःच सांगतो की ए७२ चा पीएमयू (काउंटर सांभाळणारा भाग) ड्रायव्हर चालू झाला, ७ काउंटर उपलब्ध. ती ओळ लॉगमध्ये दिसली नाही तर पुढे जाऊच नका. भाड्याच्या क्लाउड मशीनवर पुष्कळदा ती नसते, कारण व्हर्च्युअल मशीनला हे काउंटर दिलेलेच नसतात आणि परफ (काउंटर वाचणारं लिनक्सचं साधन) प्रत्येक ओळीसमोर ‘नॉट सपोर्टेड’ लिहून मोकळा होतो. स्वतःचा बोर्ड हातात असण्याचा पहिला फायदा हाच.

ही सोय आज कुणालाही फुकट मिळते म्हणून तिची किंमत वाटत नाही. १९९३ च्या पेंटियममध्ये काउंटर होते, पण ते वापरायचे कसे हे इंटेलने गोपनीयतेच्या करारामागे ठेवलं होतं. १९९४ मध्ये बाहेरच्या लोकांनी ते उकलून छापलं तेव्हा सगळ्यांना कळलं. लिनक्समध्ये कर्नलच्या मुख्य शाखेत परफची यंत्रणा आली ती २००९ मध्ये, २.६.३१ या आवृत्तीत. त्याआधी पुष्कळदा बाहेरचे पॅच लावून चालवावं लागे. पायवर आज एक पॅकेज टाकलं की काम सुरू.

तर मीही तेच केलं. परफ रेकॉर्ड लावला, कर्नलपुरता, सायकलवर, म्हणजे घड्याळाच्या ठोक्यांवर. सॅम्पलिंग म्हणजे काउंटर ठरावीक आकड्याला भरला की इंटरप्ट येतो, आणि त्या क्षणी प्रोसेसर कुठल्या ओळीवर होता ते टिपून ठेवतात. हजारो टिपा जमल्या की चित्र दिसतं. माझं चित्र असं दिसलं: आवाजाचं गणित करणारं माझं फंक्शन जवळजवळ शून्यावर, आणि सगळ्यात वर, मोठ्या फरकाने, स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत घेणारं कुलूप) सोडणारं कर्नलचं फंक्शन. लॉक सोडायला इतका वेळ? मी लॉकच्या मागे लागले. कोण कुणासाठी थांबतंय, दोन कोर एकाच लॉकवर भांडतायत का, सगळं खणून काढलं. भांडण नव्हतंच. लॉक घेणारी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चहा घेताना, ट्यूब पेटली. काउंटर भरल्याची खबर देणारा इंटरप्ट हा पाय ४ वर साधा इंटरप्ट आहे. इंटरप्ट बंद असतील तर तोही दाराबाहेर थांबतो. मी लॉक घेताना इंटरप्ट बंद करते, आत सगळं गणित करते, लॉक सोडते आणि त्या क्षणी इंटरप्ट उघडतात. बाहेर तिष्ठत असलेली खबर तेव्हा आत येते आणि टिपून ठेवते: प्रोसेसर लॉक सोडण्याच्या ओळीवर होता. झालं! आतल्या सगळ्या कष्टांचं बिल दरवाज्यावरच्या माणसाच्या नावावर.

एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) असं होत नाही, कारण तिथे ही खबर एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) म्हणून येते, आणि एनएमआयला इंटरप्ट बंद असल्याची पर्वा नसते. एआरएमवर, म्हणजे पायच्या प्रोसेसरच्या जातीवर, त्याची नक्कल करायची सोय ५.१ पासूनच्या कर्नलमध्ये आहे, पण तिला जीआयसी-३ जातीचा इंटरप्ट कंट्रोलर लागतो. पाय ४ वर आहे जीआयसी-४००, तो आधीच्या, दुसऱ्या पिढीचा. म्हणजे सेटिंग बदलून, कर्नल नव्याने बांधून, नवस बोलून, कशानेही हे सुधारणार नाही. विकत घेण्याआधी हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे ठळक लिहितेय. खात्री करून घ्यायला मी एक चार ओळींचं मॉड्यूल (चालत्या कर्नलमध्ये घालता-काढता येणारा तुकडा) लिहिलं. इंटरप्ट बंद करून लॉक घेतो, आत २०० मायक्रोसेकंद नुसता गोल फिरतो, लॉक सोडतो. पायवर त्या फिरणाऱ्या फंक्शनला एकही टीप मिळाली नाही. घरातल्या जुन्या इंटेल लॅपटॉपवर तेच मॉड्यूल घातलं तर जवळजवळ सगळ्या टिपा बरोबर त्या लूपवर.

सॅम्पलिंग सोडलं आणि मोजणीकडे आले. सॅम्पलिंग म्हणजे अचानक जाऊन बघणं, मोजणी म्हणजे आत जाताना आकडा वाचायचा, बाहेर येताना वाचायचा आणि वजाबाकी करायची. यात इंटरप्टचा संबंध नाही, त्यामुळे बोर्डाचं व्यंग आडवं येत नाही. इथे पाय ४ खरंच आवडला.

अर्थात, लगेच नाही. मी आधी आडदांडपणा केला. मॉड्यूल लोड होताना थेट रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात) लिहून सायकल काउंटर चालू केला आणि माझ्या फंक्शनमध्ये एका इन्स्ट्रक्शनने तो वाचला. कधी आकडा छान यायचा, कधी सरळ शून्य. मॉड्यूल काढून पुन्हा घातलं की कधी चालायचं, कधी नाही. कारण बावळटपणाचं होतं: प्रत्येक कोरचे मोजणारे वेगळे. मॉड्यूल घालायची आज्ञा ज्या कोरवर चालली तिथलाच काउंटर चालू झाला, आणि माझं फंक्शन चालायचं कोर ० वर. दोन्ही योगायोगाने एक आले तर आकडा, नाहीतर शून्य. चालू करायचं काम चारही कोरवर पाठवलं, मिटलं.

मग दुसरा तिढा. बाजूच्या खिडकीत एकदा परफ स्टॅट चालवला आणि तो संपल्यावर माझा काउंटर गोठला. परफचं काम झालं की तो जाताना दिवे मालवतो, त्याला काय माहीत खोलीत अजून कुणी बसलंय. चूक माझी. घरमालकाला न विचारता खोली वापरली की असंच होतं.

घरमालकाला विचारायची रीत आहे. कर्नलच्या आतून काउंटर मागायला परफ_इव्हेंट_क्रिएट_कर्नल_काउंटर नावाचं फंक्शन आहे. त्याला इव्हेंट, कोर आणि हवं तर भरल्यावर बोलवायचं फंक्शन सांगायचं. कर्नलमधला हार्ड लॉकअप (कोर अडकून बसणं) पकडणारा पहारेकरीही काउंटर असाच मागून घेतो, व्हर्च्युअल मशीन चालवणारा केव्हीएमसुद्धा पाहुण्या मशीनसाठी हेच करतो. मॉड्यूलचा परवाना जीपीएल लिहायला विसरू नका, नाहीतर ते फंक्शन मिळणारच नाही. ‘पिन्ड’ हा झेंडा लावा, म्हणजे तुमचा मोजणारा कायम तुमचाच राहतो. न लावता आठ इव्हेंट मागितले तर सहा माणसांत आठ मासे, पाळीपाळीने मोजणी होते, आणि मिळणारा आकडा हा अंदाज असतो. किती वेळ मागणी होती आणि त्यातला किती वेळ खरंच मोजणी झाली, हे दोन आकडे सोबत येतात. ते सारखे नसतील तर तो अंदाज आहे हे लक्षात ठेवायचं. अगदी लहान फंक्शनसाठी असा अंदाज कुचकामी.

काउंटर मिळाला, आता वाचायचा. वाचण्याचं अधिकृत फंक्शन मी माझ्या कोडमध्ये बोलावलं आणि कर्नलने लॉगमध्ये लाल अक्षरांत शंख केला: झोपू शकणारं फंक्शन नको त्या ठिकाणी बोलावलंत. बरोबर आहे त्याचं. ते वाचताना म्युटेक्स (वाट बघताना झोपवू शकणारं कुलूप) घेतं, दुसऱ्या कोरवरचा काउंटर असेल तर तिकडे निरोप पाठवतं, उत्तराची वाट बघतं. माझं गणित चालतं डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता माल थेट मेमरीत टाकणं) संपल्यावरच्या टास्कलेटमध्ये (इंटरप्टमागोमाग उरकायच्या कामात), तिथे झोपायला मनाई. शेवटी तडजोड केली. काउंटर रीतसर मागून घ्यायचा, म्हणजे परफच्या वहीत नोंद राहते आणि कुणी तो हलवत नाही. पण वाचायचा मात्र थेट रजिस्टरमधून, इंटरप्ट बंद असताना, वाचण्याआधी एक आयएसबी (आधीचं पुरं झाल्यावरच पुढे जाऊ देणारी इन्स्ट्रक्शन) टाकून, म्हणजे पुढच्या-मागच्या इन्स्ट्रक्शन मापात घुसत नाहीत. ही युक्ती माझी नाही. एक्स८६ वर कॅशचा तुकडा राखून ठेवणारा कर्नलमधला कोड साधारण हेच करतो, तिथूनच उचलली. एक जपा: ए७२ चे ते सहा काउंटर ३२ बिटांचे आहेत, सायकलवाला तेवढा ६४ बिटांचा. म्हणून सहांपैकी कुठल्याचाही फरक घेताना वजाबाकी ३२ बिटांतच करा. मध्येच आकडा वळला तरी उत्तर बरोबर येतं. ६४ बिटांत केलीत तर कधीतरी एखादा आकडा आभाळाला टेकलेला दिसेल आणि रात्रीची झोप जाईल.

आता ज्या गोष्टीसाठी हा बोर्ड मी विकणार नाही, ती गोष्ट.

माझा बफर (मायक्रोफोनचे नमुने साठवायची मेमरीतली जागा) ४,०९६ बाइटांचा, त्यात १६ बिटांचे २,०४८ नमुने. एका पट्टीचं गणित म्हणजे हा बफर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचणं. तीन काउंटर लावले: सायकल, पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शन, आणि पहिल्या पातळीच्या डेटा कॅशमध्ये बाहेरून भरलेल्या ओळी. कॅशची एक ओळ ६४ बाइटांची, म्हणजे ४,०९६ ला ६४ ओळी. डीएमएने नुकताच ताजा माल टाकलाय, तेव्हा निदान साठएक ओळी बाहेरून आणाव्या लागणार हा माझा हिशेब.

आकडे आले: इन्स्ट्रक्शन बारा हजारांच्या घरात. सायकल सव्वादोन लाख. आणि कॅश भरणं? पाच-सहा.

मी तिन्ही आकडे वहीत लिहून त्यांच्याकडे बघत बसले. एका इन्स्ट्रक्शनमागे अठराएक सायकल म्हणजे प्रोसेसर बहुतेक वेळ हात बांधून उभा आहे, मेमरीची वाट बघतोय, दुसरं काय असणार. पण मेमरीची वाट बघत असता तर कॅश मिस (हवं ते कॅशमध्ये न सापडणं) दिसायला हव्या होत्या. आणि त्या अपेक्षेपेक्षा कमी, इतक्या कमी की हिशेबातच बसत नाहीत. कॅश मिस नाहीत म्हणून खूश व्हायचं की रडायचं?

आई मागून म्हणाली, “जेवण गार होतंय, आकडे पळून जाणार नाहीत.” जेवताना उत्तर सुचलं. बाजारात गेल्याची नोंद नाही, पिशवीत मासळी मात्र आहे, याचा अर्थ मासळी दारावरच घेतली. माझा बफर कॅशमध्ये जातच नव्हता! पाय ४ वर डीएमए आणि प्रोसेसरची कॅश यांची आपसात बोलणी नाहीत. म्हणून कर्नलकडे डीएमएसाठी ‘कोहिरंट’ बफर मागितला की तो मेमरीचा असा तुकडा देतो ज्याला कॅश लावलेलीच नाही. सुरक्षित, पण प्रत्येक वाचन थेट मेमरीपर्यंतची खेप. मी दोन-दोन बाइट वाचत होते. म्हणजे एका टोपलीसाठी होडी, दुसऱ्या टोपलीसाठी पुन्हा होडी. कॅशच नाही तिथे कॅश मिस कुठून येणार?

खात्रीसाठी चौथा काउंटर लावला, बसवरच्या फेऱ्यांचा, एआरएमच्या यादीत हेक्स १९. आकडा दोन हजारांच्या पुढे. नमुने २,०४८. संपला खटला.

सोळा पट्ट्या, प्रत्येकी सव्वादोन लाख सायकल, १.५ गिगाहर्ट्झला एकूण २.४ मिलिसेकंद. तेवढा वेळ मी इंटरप्ट बंद करून बसत होते आणि यूएआरटीची रांग ०.७ मध्ये भरत होती. गळणारे बाइट तिथे गळत होते.

दुरुस्ती तशी लहान. बफर साध्या मेमरीतून घेतला, डीएमएला तो मॅप करून दिला आणि प्रत्येक खेपेनंतर ‘आता हा प्रोसेसरचा’ असं सांगणारं सिंक फंक्शन बोलावलं. ते कॅशमधलं शिळं फेकून देतं, पुढचं वाचन ताजं होतं. परत मोजलं. पहिल्या पट्टीला कॅश भरणं साठ-सत्तर, हिशेबाप्रमाणे. सायकल पंधरा हजारांच्या आतबाहेर. दुसऱ्या पट्टीपासून बफर कॅशमध्येच असतो, ती आणखी स्वस्त. ४ केबीचा बफर ३२ केबीच्या कॅशमध्ये आरामात मावतो. सोळा पट्ट्या मिळून ०.१ मिलिसेकंद.

नीट बघा काय झालं ते: कॅश मिस दहापट वाढल्या आणि काम वीसपटीहून जास्त वेगाने झालं. मुलाखतीत ‘कॅश मिस कमी करा’ म्हणून घोकलेली मंडळी या ठिकाणी तोंडावर पडतात. मीही पडलेच होते.

(हो, गणित इंटरप्ट बंद करून करायलाच नको होतं, थ्रेडमध्ये न्यायला हवं होतं. मान्य. नंतर नेलंही. पण तसं आधीच केलं असतं तर बाइट गळायचे थांबले असते आणि बफरचं दुखणं मला कधी कळलंच नसतं.)

आता उरलेल्या तक्रारी भराभर.

उष्णता. ८० अंशांना बोर्ड वेग कमी करायला लागतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या कारखान्यात, बंद डब्यात, तिथे पोचायला त्याला फार वेळ लागत नाही. सायकल मोजणाऱ्याला वाटेल, वेग पडला तरी सायकल तेवढ्याच. तसं नाही. मेमरीचा वेग आहे तोच राहतो, त्यामुळे घड्याळ मंदावलं की मेमरीची तीच वाट कमी सायकलमध्ये संपते, आणि तुम्हाला वाटतं कोड सुधारला. मी एकदा अशी सुधारणा कौतुकाने वहीत लिहिली होती. पंखा लावा, गव्हर्नर (घड्याळाचा वेग ठरवणारा) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा आणि मोजण्याआधी-नंतर थ्रॉटलिंगचा, म्हणजे वेग पाडल्याचा, झेंडा तपासा. एरवी बोर्ड आपला वेग ६०० मेगाहर्ट्झ ते १.५ गिगाहर्ट्झ असा वरखाली करत राहतो.

खारी हवा. वर्षभरात जीपीआयओच्या (बाहेरच्या वायरी जोडायच्या) पिनांवर हिरवट थर आला. बोर्डाचा दोष नाही, आमच्याकडे खिडकीच्या बिजागऱ्यांचंही तेच होतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकते.

एसडी कार्ड. कर्नल पाडण्याचा उद्योग करणार असाल तर मूळ फाइल सिस्टिम नेटवर्कवरून घ्या, नाहीतर एक दिवस कार्ड बसतं. माझं बसलं, पहिल्या पावसाच्या रात्री, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असताना. कर्नल अख्खा बोर्डावर बांधायच्या भानगडीतही पडू नका, लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल करा, म्हणजे पायसाठीचा कर्नल तिथे बांधा. आणि सिस्टिम अपडेट केल्यावर हेडरची आवृत्ती चालू कर्नलशी जुळते का ते बघा. माझी एक अख्खी सकाळ त्यात गेली.

मग जुना इंटेल लॅपटॉपच का नाही वापरायचा, असं कुणी विचारेल. सॅम्पलिंगसाठी जरूर वापरा, वर सांगितलंच. पण तिथे हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन थ्रेड) चालू असताना माझ्यासारख्या जुन्या पिढीच्या चिपवर प्रत्येक थ्रेडला निवडीचे चारच काउंटर मिळतात आणि तीन ठरलेले. शिवाय एनएमआय पहारेकरी त्यातला एक आधीच अडवून बसलेला असतो. तो बंद करता येतो, पण ते लक्षात राहिलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे तिथे डीएमए कॅशशी बोलून चालतो, त्यामुळे माझं हे दुखणं लॅपटॉपवर उगवलंच नसतं. रोग ज्या जमिनीत होतो, तिथेच खणावं लागतं.

हे सगळं झालं जून-जुलैमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे कारखानाही थंड आणि काकांना माझ्याशी बोलायला वेळ. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या, कंप्रेसर चालू झाला, मी दुरुस्त केलेला डबा नेऊन बसवला. एक अख्खा दिवस मीटरचा एकही बाइट गळला नाही. काकांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की पूर्वी ज्या कामाला २.४ मिलिसेकंद लागत होते ते आता ०.१ मध्ये होतं.

काकांनी मिलिसेकंद म्हणजे किती ते विचारून घेतलं. मग बर्फाच्या साच्यांकडे हात केला.

“ह्यां पाणी गोठाक अख्खो दिवस जाता,” म्हणाले, “तुका एवढी घाय कित्याक?”